उंटाच्या हाडावरची अक्षरे : ओमानच्या राजकन्येने का लिहिले?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झांझिबारच्या राजवाड्यातील एक मुलगी चोरून एक उद्योग करीत असे. उंटाच्या खांद्याचे रुंद, पांढरे हाड ती मांडीवर घेई. तिथल्या पाठशाळेत पाटीच्या जागी हेच हाड वापरत. समोर कुराण उघडे ठेवून त्यातील अक्षरांची वळणे ती शाईने हाडावर जशीच्या तशी उतरवी. राजघराण्यातील मुलींना वाचायला शिकवत. लिहिण्याची विद्या मात्र केवळ मुलग्यांसाठी होती. वाचणारी स्त्री धर्मग्रंथ वाचील; लिहिणारी कोणाला काय लिहील याचा नेम नाही, अशी ती समजूत. पुढे एका शिकलेल्या गुलामाकडून या मुलीने गुपचूप धडे घेतले. बातमी फुटली तेव्हा राजवाड्यात तिची निंदा झाली. तिने ती मनावर घेतली नाही.

ही मुलगी म्हणजे सय्यिदा सलमा बिंत सईद. मस्कत, ओमान आणि झांझिबारवर राज्य करणाऱ्या सय्यिद सईद बिन सुलतान यांची ती कन्या. युरोपात ती एमिली रुएटे या नावाने ओळखली गेली. तिच्या आठवणींच्या पुस्तकावर मात्र तिने आपली ओळख ओमान व झांझिबारची राजकन्या अशीच दिली. एखाद्या अरब स्त्रीने लिहून प्रसिद्ध केलेले ज्ञात असे पहिले आत्मचरित्र म्हणून ते पुस्तक ओळखले जाते. त्याखेरीज तिने एका मैत्रिणीला उद्देशून दीर्घ पत्रे लिहिली, आणि ती कधीही टपालात पडली नाहीत. माणूस का लिहितो, आणि कोणी वाचील याची खात्री नसतानाही वर्षानुवर्षे का लिहीत राहतो, या प्रश्नाचे एक उत्तर तिच्या आयुष्यात सापडते.

मस्कतचे घराणे, झांझिबारचे घर

सईद बिन सुलतान यांचा जन्म १७९१ चा, ओमानमधील समाइलचा. ऐन तारुण्यात ते सत्तेवर आले आणि निम्मे शतक राज्य केले. त्यांच्या आरमाराचा मुंबईशी निकटचा संबंध होता. त्यांचे ‘लिव्हरपूल’ हे मोठे लढाऊ जहाज १८२६ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधले गेले. पुढे त्यांनी ते इंग्लंडच्या राजाला भेट दिले, तेव्हा त्याचे नाव ‘इमाम’ असे ठेवण्यात आले. मस्कत आणि झांझिबार या दोन्ही बंदरांत कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. लवंगेच्या लागवडीने झांझिबारला समृद्धी आली, तसे सईद यांनी आपले मुख्य वास्तव्य त्या बेटावर हलवले. दर काही वर्षांनी ते ओमानला जात आणि राज्याची घडी बसवून परत येत.

समुद्रकाठच्या बैत अल-म्तोनी या राजवाड्यात ३० ऑगस्ट १८४४ रोजी सलमाचा जन्म झाला. तिची आई जिल्फिदान ही मूळची काकेशसमधील सर्केशियन. लहानपणीच लुटारूंनी आईबापांना मारून तिला पळवले होते आणि हातोहात विकली जात ती सईद यांच्या अंतःपुरात आली होती. त्या राजवाड्यात सुमारे हजार माणसे राहत असावीत, असा सलमाचा अंदाज होता. अरबी, स्वाहिली, फारसी, तुर्की, सर्केशियन, न्युबियन, हबशी असे अनेक भाषांचे बोल तिथे एकाच अंगणात ऐकू येत. सुलतानांसमोर मात्र अरबीच बोलायची, असा दंडक होता.

ओमान हे या घराण्याचे मूळ. ओमानमधून आलेल्या नातलग स्त्रिया झांझिबारमध्ये जन्मलेल्यांकडे थोड्या तुच्छतेने पाहत. या मुली आफ्रिकेत वाढल्या आणि घरात स्वाहिली बोलतात, हाच त्यांचा मोठा दोष. परमुलखात वाढणाऱ्या मुलांच्या भाषेवरून मायदेशच्या आप्तांनी नाके मुरडावीत, हा अनुभव आजच्या स्थलांतरित घरांनाही परका नाही. सलमाला तो बालपणीच मिळाला. आपण नक्की कुठल्या, हा प्रश्न तिच्या पदरी जन्मतःच आला होता, आणि पुढे त्याची धार वाढतच गेली.

१८५६ च्या ऑक्टोबरमध्ये मस्कतहून परतत असताना सईद यांचा जहाजावरच मृत्यू झाला. झांझिबारमध्ये सगळे त्यांच्या जहाजाची वाट पाहत होते. जहाज आले ते पार्थिव घेऊन. वारसांची वाटणी झाली. ओमान थुवैनीकडे गेले, झांझिबार मजीदकडे. हा वाद अखेर ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारपुढे आला. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी १८६१ मध्ये दिलेल्या निवाड्याने ओमान आणि झांझिबार ही दोन स्वतंत्र राज्ये झाली. झांझिबारने ओमानला दरसाल ४०,००० क्राउन द्यावेत, असेही त्यात ठरले. सलमाच्या वडिलांनी एका मुठीत धरलेला समुद्र अशा रीतीने कागदावर विभागला गेला.

लेखणीची पहिली किंमत

वडिलांच्या मृत्यूनंतर बाराव्या वर्षी सलमाला सज्ञान ठरवून वारशाचा हिस्सा देण्यात आला. १८५९ च्या सुमारास पटकीच्या साथीत आईही गेली. राजवाड्यात आता भावंडांचे दोन तट पडले होते. गादीवर मजीद होता, आणि त्याला हटवून स्वतः राज्य करण्याची महत्त्वाकांक्षा बरगश बाळगून होता. सलमाचे मन मजीदकडे ओढ घेई. तो स्वभावाने मृदू होता आणि लहानपणी काही काळ ती आईसह त्याच्याच घरी राहिली होती. पण थोरली बहीण खौला हिच्यावर तिचा अतोनात जीव, आणि खौला बरगशच्या बाजूची. बहिणीच्या आग्रहापुढे सलमाचे काही चालले नाही.

चोरून शिकलेल्या अक्षरांचा उपयोग इथे झाला. कटातील स्त्रियांत लिहिता येणारी तीच. पंधरा वर्षांची सलमा बंडाची चिटणीस झाली. सरदारांना गुप्त निरोप, बंदुका आणि दारूगोळ्याची मागणी, हे सारे तिच्या हातून लिहिले गेले. बरगशच्या घराला मजीदच्या सैनिकांनी वेढा घातला, तेव्हा बहिणींनी त्याला बुरखा पांघरून स्त्रियांच्या घोळक्यातून बाहेर काढले. ब्रिटिशांच्या मदतीने बंड मोडले गेले. बरगशची रवानगी मुंबईला झाली. तिथे त्याने सुमारे दोन वर्षे काढली. पुढे सुलतान झाल्यावर झांझिबारला नळाचे पाणी आणि नव्या धर्तीच्या इमारती त्याने दिल्या. त्याच्या या नगररचनेमागे मुंबईत पाहिलेल्या शहराची छाप अभ्यासकांना दिसते.

सलमाच्या वाट्याला आले ते एकटेपण. ज्या भावाने कधी तिचे वाईट केले नव्हते त्याच्याविरुद्ध आपण लेखणी चालवली, ही बोच तिला आयुष्यभर राहिली. मजीदने उदारपणे तिला क्षमा केली. पण तिने मजीदशी समेट करताच बरगश आणि खौला यांचा गट तिच्यापासून दुरावला. ती दोन्ही घरांना परकी झाली. आपल्या आठवणींत या प्रकरणावर तिने बरीच पाने खर्च केली आहेत. त्यात स्वतःचा बचाव आहे, पण कबुलीही आहे. दोषाचे ओझे कुठेतरी उतरवून ठेवायचे असते. ऐकणारे भाऊ-बहीण उरले नाहीत, तेव्हा ते तिने कागदावर उतरवले.

एडनहून हांबुर्गला

शहरातील तिच्या घराशेजारीच हांबुर्गच्या एका व्यापारी पेढीचा तरुण प्रतिनिधी राहत होता. त्याचे नाव रुडोल्फ हाइनरिख रुएटे. गच्चीवरून गच्चीवर ओळख झाली, ती प्रेमात बदलली, आणि सलमाला दिवस गेले. राजघराण्यातील अविवाहित मुसलमान मुलगी आणि ख्रिस्ती परदेशी पुरुष, ही गोष्ट तिच्या जिवावर बेतणारी होती. २४ ऑगस्ट १८६६ च्या रात्री ‘हायफ्लायर’ या ब्रिटिश युद्धनौकेतून ती एडनला निघून गेली. तिथे डिसेंबरात मुलगा झाला. रुडोल्फ आपला व्यवहार आवरून मागाहून आला. ३० मे १८६७ रोजी एकाच दिवशी तिचा बाप्तिस्मा आणि विवाह झाला. सलमाची एमिली झाली. युरोपच्या वाटेवर असतानाच ते पहिले मूल दगावले.

आठवणींच्या पुस्तकात या गर्भारपणाबद्दल आणि या मुलाबद्दल ती मौन पाळते. लेखनाचा विचार करताना हे मौन ध्यानात घ्यावे लागते. ज्या दुःखाला समाजासमोर शब्द देता येत नाहीत, त्याच्याभोवतीची सारी जागा ती भरून काढते. राजवाड्यातील न्हाणीघरे, दागिने, सणांचे खाद्यपदार्थ, घोडेस्वारी, लहान मुलांच्या खोड्या, सारे बारकाईने येते. मधली एक जागा रिकामी राहते. आत्मचरित्र लिहिणाराही काय सांगावे आणि काय गाळावे हे ठरवीत असतो. तिथेच तो कथाकाराच्या जवळ येतो.

हांबुर्गमध्ये तीन वर्षांत तीन मुले झाली : आंतोनी, रुडोल्फ सईद आणि रोझाली. पतीशी ती स्वाहिलीत बोले. जर्मन ती हळूहळू शिकत होती. थंडी, बंद दारे-खिडक्या, परके अन्न आणि रस्त्यात टक लावून पाहणारी माणसे, यांत तिचे दिवस जात होते. १८७० च्या ऑगस्टमध्ये घोड्यांच्या ट्रामच्या अपघातात रुडोल्फचा मृत्यू झाला. धाकटी मुलगी तेव्हा चार महिन्यांचीही नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात झांझिबारमध्ये मजीद वारला आणि बरगश गादीवर बसला. जिच्याविषयी ममता असलेला एकमेव सत्ताधारी भाऊ गेला होता, आणि आता सत्तेवर आलेला भाऊ तिचे नाव काढायला तयार नव्हता.

पतीच्या वारशावरील तिचा हक्क अधिकाऱ्यांनी मान्य केला नाही. पैशाची ओढाताण सुरू झाली. हांबुर्ग सोडून ड्रेस्डेन, रुडोलश्टाट, बर्लिन अशी तिची शहरे बदलत गेली. जिच्या दिमतीला बालपणी माणसांची रीघ होती, ती आता अरबीच्या शिकवण्या करून चार पैसे मिळवू लागली.

१८७५ मध्ये बरगश लंडनला आला. भावाची भेट घ्यावी, या आशेने ती तिथे पोचली. तिची गाठ पडली सर बार्टल फ्रियर यांच्याशी. हे तेच फ्रियर, ज्यांच्या गव्हर्नरकीच्या काळात मुंबईच्या फोर्टची तटबंदी पाडली गेली. त्यांनी तिच्यापुढे पर्याय ठेवला : भावाला भेटण्याचा हट्ट सोडावा, म्हणजे ब्रिटिश सरकार तिच्या मुलांच्या शिक्षणाची तजवीज करील. आईने मुलांचे हित निवडले. भावाला न भेटता ती परतली. नंतर तिला कळवण्यात आले, की ती जर्मन प्रजाजन असल्याने तिची जबाबदारी ब्रिटिश सरकारवर येत नाही.

मुलांसाठी लिहिलेली वही

या निराशेनंतर दोनेक वर्षांनी तिने आठवणी लिहायला घेतल्या. शरीर आणि मन दोन्ही थकली होती. मुले मोठी होईपर्यंत आपण जगू, असा भरवसा तिला उरला नव्हता. आपली आई अरब आहे आणि झांझिबारहून आली आहे, याहून फारसे काही त्या मुलांना ठाऊक नव्हते. पोरक्या झालेल्या मुलांना आईचे घर निदान कागदावर तरी सापडावे, म्हणून तिने वही उघडली. ती प्रसिद्ध करण्याचा विचार तेव्हा नव्हता. पुस्तकाच्या प्रस्तावनेत तिने हे स्वच्छ सांगितले आहे.

हा हेतू समजला की पुस्तकाची रचनाही समजते. ती केवळ घटना सांगत नाही. सकाळी कोण कधी उठे, नमाजानंतर काय होई, मूल जन्मल्यावर काय विधी करीत, आजाऱ्याला कोणती औषधे देत, ईदच्या आदल्या रात्री मुली कशा जागत, हे ती मुलांना समजावून देते. आजोळ न पाहिलेल्या नातवंडांना गावाकडची आजी जसे सांगते, तशी ती सांगण्याची पद्धत आहे. मात्र एक गुंतागुंत आहे. जी भाषा मुलांना कळते ती तिची नाही, आणि जी तिची आहे ती मुलांना येत नाही. म्हणून अरबी राजवाड्याची गोष्ट तिला जर्मनमध्ये सांगावी लागली. आपल्या बालपणाचे भाषांतर करीत तिने ते लिहिले.

त्याच काळात महाराष्ट्रातही स्त्रिया अशाच अडथळ्यांतून अक्षरांपाशी पोचत होत्या. काशीबाई कानिटकर घरच्यांपासून लपवीत वाचायला शिकल्या आणि पुढे मराठीतील पहिल्या कादंबरीकर्त्या स्त्रियांत गणल्या गेल्या. रमाबाई रानडे यांना शिक्षणापायी घरातील स्त्रियांचा जाच सोसावा लागला. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये आले. सलमाच्या आठवणी बर्लिनमध्ये छापल्या गेल्या ते १८८६ हे साल आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्याचे साल आहे. यांतल्या कोणालाही दुसरीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मात्र अक्षर हाती आले की पहिल्यांदा आपली हकिगत सांगावी, ही ऊर्मी जर्मनीत आणि पुण्यात सारखीच होती.

वही मुलांसाठी असताना ती छापली कशी गेली? एक कारण उघड होते : पैसा. दुसरे कारण तिच्या लेखनात जागोजागी दिसते. युरोपातील लोकांच्या डोक्यात पूर्वेकडील अंतःपुराचे जे चित्र होते, ते तिला सहन होत नव्हते. चार महिने प्रवास करून लोक पूर्वेच्या स्त्रियांविषयी ग्रंथ लिहीत. त्या स्त्रियांच्या घरात मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलेले नसे. त्या घरात जन्मलेली बाई गप्प राहिली तर खोटेच खरे ठरेल, हे तिला जाणवले. लिहिणाऱ्याला पुढे ढकलणारी ही चीड फार जुनी आहे : आपल्याविषयी दुसरेच कोणी बोलत आहे, आणि चुकीचे बोलत आहे.

एकोणीस वर्षांनी परत

पुस्तकाचा शेवटचा भाग मात्र तिने नंतर जोडला. १८८५ मध्ये जर्मन आरमाराबरोबर, तिन्ही मुलांना घेऊन, ती झांझिबारला गेली. पूर्व आफ्रिकेत जर्मनीला प्रदेश हवा होता. सुलतानाची बहीण जर्मन नागरिक असणे आणि तिचा वारशाचा दावा प्रलंबित असणे ही बिस्मार्कच्या हातातील सोयीची सोंगटी होती. आपला वापर होत आहे हे तिला कळत नसेल, असे मानणे कठीण आहे. पण एकोणीस वर्षांनी मायभूमी दिसणार होती.

रस्त्यांवर लोक तिला पाहायला जमले. बिबी सलमे परत आली, ही बातमी गल्लीबोळांत पसरली. बरगशने मात्र तिला भेट दिली नाही. म्तोनीचा राजवाडा तिने पडक्या अवस्थेत पाहिला. जिने मोडलेले, न्हाणीघरांचे छत कोसळलेले, भिंतींतून झाडे उगवलेली. जर्मनीला हवे ते मिळाले, तसा तिचा दावा बाजूला पडला. १८८८ मध्ये बरगशच्या मृत्यूनंतर ती पुन्हा एकदा गेली आणि पुन्हा रित्या हाताने परतली. १८९० मध्ये झांझिबार ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेले.

या भेटीने एक गोष्ट पक्की झाली. जे घर तिने वहीत उभे केले होते ते आता केवळ वहीतच उरले होते. प्रत्यक्षातील राजवाडा पडला होता. १८८६ मध्ये दोन खंडांत आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि दोन वर्षांत इंग्रजीतही आल्या. वाचक मिळाले, नाव झाले. तिच्या मूळ अडचणी मात्र सुटल्या नाहीत. न्याय मिळाला नाही, वारसा मिळाला नाही, भाऊही भेटला नाही. एवढ्यावर तिचे लेखन थांबायला हरकत नव्हती.

न धाडलेली पत्रे

ते थांबले नाही. आयुष्याचा पुढचा मोठा भाग, पहिल्या महायुद्धापर्यंत, तिने याफा आणि बैरूत या अरब शहरांत काढला. रस्त्यावर अरबी ऐकू येईल एवढी तरी जवळीक तिथे होती. आठवणींना जोडलेली पुरवणी, सिरियातील चालीरीतींवरचे टिपण आणि मायदेशी पाठवायची पत्रे, असे तिचे तीन हस्तलेख मागे राहिले. त्यांतील पत्रे सर्वांत विलक्षण आहेत.

झांझिबारमधील एका मैत्रिणीला उद्देशून ती लिहिली आहेत. एडन सोडल्यापासूनची हकिगत त्यांत येते : तांबड्या समुद्रातील उकाडा, मार्सेलचा किनारा, हांबुर्गचा पहिला हिवाळा, पतीचा मृत्यू, कर्ज, घर बदलणे, मुलांचे आजार. नावापुरता बदललेला धर्म आणि मनात तसाच राहिलेला जुना विश्वास, यांची ओढाताणही त्यांत आहे. जे आठवणींच्या पुस्तकात जर्मन वाचकांपुढे मांडता आले नाही, ते इथे ती मोकळेपणी सांगते. पण ही पत्रे जर्मनमध्ये आहेत. झांझिबारच्या कुठल्या मैत्रिणीला ती वाचता आली असती? पत्र हा इथे केवळ साहित्याचा प्रकार आहे, आणि ऐकणारी मैत्रीण लेखिकेने समोर बसवलेली आहे.

तिचे लेखन कल्पित साहित्याच्या सर्वांत जवळ येते ते इथे. प्रसंग खरे आहेत, श्रोता निर्माण केलेला आहे. सलमाला राजवाड्यातील बायकांना समजेल अशा रीतीने युरोप सांगायचा होता, आणि तसे सांगायला समोर कोणी नव्हते. म्हणून तिने श्रोती रचली. कथा-कादंबरी लिहिणारे बहुतेक हेच करतात. काही पात्रे रचतात, काही केवळ ऐकणारा कान रचतात. घरातील भाषा बाहेर चालत नाही आणि बाहेरचे अनुभव घरच्यांना सांगता येत नाहीत, अशा माणसाला हा कान फार लागतो. तो मिळाला की उत्तराची अपेक्षा न ठेवताही पुढचे पत्र लिहिता येते.

बालपणी तिला लिहिता आले नसते तर दूरदेशी गेल्यावर जिवलगांशी तिचा संबंध पुरता तुटला असता, असे तिचे म्हणणे होते. चोरून गिरवलेल्या त्या अक्षरांविषयी तिने कधी पश्चात्ताप केला नाही, जरी त्यांनीच तिला बंडात ओढले होते.

काय विसरता येत नाही

या लेखनाची एक बाजू आजच्या वाचकाला अस्वस्थ करते. सलमाची आई गुलाम म्हणून विकली गेली होती. सलमाच्या लवंगेच्या मळ्यांवर गुलाम राबत होते. तरीही अरब घरांतील गुलामगिरी फारशी जाचक नव्हती, असा बचाव ती पुस्तकात करते, आणि ती बंद करण्याच्या युरोपीय घाईवर टीका करते. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ च्या तहाने बंद झाला, त्यानंतर तेरा वर्षांनी ती हे छापत होती. हांबुर्गमधील एका चौकाला २०१९ मध्ये तिचे नाव देण्यात आले, आणि पुढे याच मतांमुळे ते काढण्याचा निर्णय झाला. आपल्यावरील अन्याय नेमका टिपणारी लेखणी आपल्या मळ्यावरचा अन्याय पाहू शकली नाही. त्या मळ्यावरील माणसांपैकी कोणाला हाड आणि शाई मिळाली असती, तर त्या राजवाड्याची दुसरी गोष्ट आज वाचायला मिळाली असती.

महायुद्धाच्या सुमारास ती जर्मनीत परतली. आयुष्याच्या अगदी शेवटी झांझिबारच्या राजघराण्याकडून तिला लहानसे वार्षिक वेतन मिळाले. २९ फेब्रुवारी १९२४ रोजी येना शहरात न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. हांबुर्गच्या ओल्सडॉर्फ दफनभूमीत रुएटे कुटुंबाच्या जागेत तिला पुरले. तिच्या सामानात झांझिबारच्या किनाऱ्यावरील वाळूची एक पुरचुंडी निघाली, असे सांगतात.

ज्या मुलांसाठी वही लिहिली गेली, त्यांतील मुलगा रुडोल्फ सईद रुएटे याने १९२९ मध्ये आजोबांचे, म्हणजे ओमान व झांझिबारचे शासक सईद बिन सुलतान यांचे चरित्र लंडनमध्ये प्रसिद्ध केले. ज्या आजोबांना त्याने कधी पाहिले नव्हते, त्यांच्यापर्यंतची वाट आईच्या लेखनातून गेली होती. आईची कागदपत्रे त्याने जपली आणि ती पुढे हॉलंडमधील लायडन येथे पोचली. मैत्रिणीला लिहिलेली पत्रे तिथून इंग्रजीत छापून आली ती १९९३ मध्ये, लिहिणारी गेल्यावर एकोणसत्तर वर्षांनी. आज झांझिबारच्या राजवाडा संग्रहालयात तिच्या स्मृतीचे एक दालन आहे. म्तोनीच्या राजवाड्याच्या पडक्या भिंती अजून समुद्रकाठी उभ्या आहेत. त्यांच्या आत एकेकाळी काय काय होते, हे जाणून घ्यायचे तर तिचेच पुस्तक उघडावे लागते.